अचानक थंड पाणी : वेटसूट की ड्रायसूट?

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या मंडळींपैकी काही जण बालीजवळील नुसा पेनिडा येथे डायव्हिंगसाठी निघाले आहेत. तेथे जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास खोलातील थंड पाणी वर येते आणि २७ अंशांचे पाणी काही मीटरांतच २० अंशांच्या आसपास उतरू शकते. त्या सीमेवर पाणी तापलेल्या तव्यावरील हवेसारखे थरथरते, आणि पुढच्याच क्षणी मानेवरून गारवा पाठीत शिरतो, श्वास जलद होतो व सिलिंडरमधील हवा भराभर संपू लागते.

पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. वेटसूट म्हणजे थोडे पाणी आत येऊ देणारा, निओप्रीन या फेसाळ रबराचा अंगासरशी पोशाख; त्यात ऊब राखण्याचे खरे काम निओप्रीनमधील वायूचे बुडबुडे करतात. ३० मीटर खोलीवर चौपट दाबाखाली ते चेपले जातात, म्हणजे थंडी वाढते तिथेच ऊब घटते आणि तरंगण्याची क्षमताही कमी होते. ड्रायसूट पाणी आत येऊच देत नाही, त्यामुळे आतला माणूस कोरडा राहतो आणि त्यात हवा भरून हा दाब सांभाळता येतो. मात्र ती हवा पायांकडे सरकली, तर माणूस उलटा होऊन वेगाने वर खेचला जाऊ शकतो, म्हणून त्याचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावेच लागते. शिवाय तो बराच महाग असतो.

या प्रवासासाठी मी निःसंशय ५ मिलिमीटरचा वेटसूट आणि हूड (डोके व मान झाकणारी टोपी) सुचवेन. सूट घरीच घालून, हात वर करून, वाकून पाहावा. पाठीशी पोकळी राहिली, तर प्रत्येक हालचालीबरोबर थंड पाणी आत येत राहते.