युनिफॉर्मसाठी घेतलेलं बटणहूक, वेल्क्रो, इलास्टिक लेस वगैरे: काय कामाला आलं, काय ड्रॉवरमध्ये पडून आहे

ज्यांच्या मुलांचं बटण, चेन, हूक, लेस या चार गोष्टींपाशी रोज सकाळी घोडं अडतं त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे, बाकीच्यांनी सोडून दिला तरी चालेल. आमचा धाकटा आठ वर्षांचा आहे, बोलायला बसला की समोरच्याला बोलू देत नाही, गणितात फास्ट, पण बोटांची बारीक कामं म्हटली की नाकी नऊ येतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून सराव घेणाऱ्या) मॅडमनी डिस्प्रॅक्सिया सांगितलाय, म्हणजे हालचालींचा मेळ बसवणं अवघड जातं, कागदावर त्याला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर लिहितात, आणि शाळकरी मुलांमध्ये साधारण ५ ते ६ टक्के मुलांना ते असतं, म्हणजे भरलेल्या वर्गात एखाददुसरं मूल असणारच. तेव्हा "लाडावलाय", "आळशी आहे" वगैरे ऐकवणाऱ्या नातेवाइकांना हा आकडा सांगा आणि विषय बदला.

आता वस्तूंकडे येते, पण त्याआधी क्रमाबद्दल. जवळपास सगळेजण खरेदीला लेसपासून सुरुवात करतात कारण लेस सुटलेली लांबून दिसते. माझं मत उलटं आहे, आधी पँट. लेस सुटली तर वर्गातलं कुणीही बांधून देतं, पण शाळेच्या बाथरूममध्ये पँटचा हूक उघडेना झाला तर तिथे मूल एकटं असतं, वर घाई असते, आणि मग ते दिवसभर पाणी प्यायचंच बंद करतं. हे थेरपिस्टकडच्या वेटिंगमध्ये बसलेल्या किती आयांच्या तोंडून ऐकलंय. म्हणून खालचा क्रम शाळेत मूल एकटं कुठे पडतं त्या हिशोबाने आहे.

पूर्ण इलास्टिकची पँट (समोर चेन फक्त दिसायला): पाचपैकी पाच. युनिफॉर्मच्याच कापडाची, पुढे खोटी चेन शिवलेली, कमरेला सगळीकडून इलास्टिक. शर्ट बाहेर असला काय, आत खोचलेला असला काय, वरून पट्टा लावला की कुणाला कळत पण नाही. फक्त एक बघा, इलास्टिक फार घट्ट नको, कारण ज्या हातांत जोर कमी आहे त्यांना घट्ट इलास्टिक खाली ओढणं हे हूक उघडण्याइतकंच अवघड जातं आणि मग काय मिळवलं आपण. टेलरकडून कमरेच्या आत दोन्ही बाजूंना कापडी लूप शिवून घ्या, अंगठा सहज जाईल एवढे मोठे. मूल अंगठे अडकवतं आणि खाली-वर ओढतं, चिमटीत काही धरायची गरजच नाही. या लूपसाठी वेगळे पाच मार्क द्यायला हवेत खरं तर. मुलींच्या स्कर्टलाही हेच चालतं, साइडची चेन आणि वरचा तो बारीकसा हूक काढून टाकायचा आणि इलास्टिक.

शाळा चेनवालीच पँट हवी म्हणत असेल तर हूकच्या जागी वेल्क्रो लावतात, पण कमरेला ताण येतो त्यामुळे पळताना, खाली बसताना ते सुटतं. दोन-तीन मार्क. त्यापेक्षा मोठं टिचबटण बरं वाटतं, पण ते दाबायलाही अंगठ्यात जोर लागतो, तर आधी घरी दुसऱ्या कुठल्यातरी कपड्यावर करून बघायला द्या.

चेनची कडी: हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि लोक उगाच पॅकेटमधलं फॅन्सी काहीतरी मागवतात. चेनच्या टोकाला जे भोक असतं त्यात किल्लीच्या जुडग्याची छोटी रिंग अडकवा नाहीतर जाड दोऱ्याची गाठ मारा, बोट आत गेलं की झालं. साडेचार. अर्धा मार्क कापला कारण स्वेटर-जॅकेटच्या चेनला याचा अर्धाच उपयोग, तिथे खरा त्रास वर ओढण्यात नसून खालचं टोक खाचेत बसवण्यात असतो आणि त्याला एका वेळी दोन हात दोन वेगवेगळी कामं करावी लागतात, जे या मुलांना सगळ्यात जड जातं. आमच्याकडे स्वेटरची चेन अर्ध्यापर्यंत कायम लावलेली असते आणि तो डोक्यातून घालतो. सरळ.

बटणहूक: जाड मूठ आणि पुढे तारेचा वळसा. तार काजातून आत घालायची, बटणाला अडकवायची आणि ओढून बाहेर काढायची. एकोणिसाव्या शतकात बुटांना बटणं असायची तेव्हा असले हूक घरोघरी होते म्हणे, आता ते संधिवात झालेल्या किंवा एका हाताने काम करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी मिळतात आणि त्यांना ते फार उपयोगी पडतात. पण ज्या मुलाला नेम धरून बारीक हालचाल करता येत नाही त्याला तारेचं टोक काजात नेमकं घालायला सांगणं म्हणजे एक बारीक काम काढून दुसरं बारीक काम दिल्यासारखंच झालं. शिवाय हूक शाळेत न्यायचा, हरवायचा नाही, मित्रांसमोर काढायचा, हे सगळं वेगळंच. आमच्याकडे तो ड्रॉवरमध्ये आहे. मुलांसाठी दीड, मोठ्यांसाठी चार.

शर्ट: इथे जरा जास्त लिहिते कारण पर्याय खूप आहेत.

पहिला पर्याय फुकट आहे. वरची दोन बटणं सोडून बाकी सगळी कायमची लावून टाका आणि टीशर्टसारखा डोक्यातून घालायला द्या. शर्ट एक साइज मोठा हवा एवढंच. कॉलरचं बटण कॉलर घट्ट असेल तर मोठ्यांनाही जमत नाही, ते कुणीतरी लावून दिलं तर काही बिघडत नाही. कफची बटणं उसवून परत शिवताना इलास्टिकच्या दोऱ्याने शिवा, बटण लावलेलंच राहतं आणि हात ताणून आत जातो. ही आयडिया मला इतकी आवडलीय की आता घरातल्या सगळ्यांच्या कफना तेच केलंय. पाच.

दुसरा, वेल्क्रो. बटणं उसवायची, काजावर बाहेरून तीच बटणं शिवून टाकायची आणि आतून प्रत्येक बटणामागे वेल्क्रोचा छोटा तुकडा. समोरून शर्ट नेहमीसारखा दिसतो. लांब पट्टी लावू नका, ती वाकडी चिकटली की अख्खी उपटून परत लावावी लागते, आणि ही मुलं ती वाकडीच लावणार. टोचरी बाजू अंगाकडे येऊ देऊ नका. धुवायच्या आधी सगळी वेल्क्रो बंद करा नाहीतर ती मोज्यांना, स्वेटरला चिकटून धागे ओढते आणि तिच्यात एवढा कचरा बसतो की ती नंतर चिकटतच नाही. वेल्क्रोची कल्पनाच मुळात जॉर्ज द मेस्ट्रल नावाच्या स्विस इंजिनिअरला १९४१ साली कुत्र्याच्या अंगाला चिकटलेली काटेरी बोंडं बघून सुचली, तेव्हा तिने दिसेल त्याला चिकटणं हा तिचा जन्मजात गुण आहे, तक्रार करून उपयोग नाही. ओढताना होणारा तो चर्र आवाज काही मुलांना अजिबात सहन होत नाही, ते आधी बघा. साडेतीन.

तिसरा, चुंबकी बटणं. जवळ नेली की आपोआप चिकटतात, मुलाला जादू वाटते, आणि घालण्यापुरतं बोलायचं तर याच्याइतकं सोपं काहीच नाही. पण मी मार्क देत नाहीये. कारण कपड्यातून सुटलेली दोन चुंबकं पोटात गेली तर ती आतड्याच्या दोन भागांतून एकमेकांना ओढतात आणि आतडं फाटू शकतं, हे खरंच गंभीर प्रकरण आहे, आणि या मुलांपैकी बरीच शर्टाची कॉलर, बटणं तोंडात घालून चघळत बसतात. घरात कुणाला पेसमेकर असेल, मुलाच्या डोक्यात शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढणारी नळी) किंवा कानाचं इम्प्लांट असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. मोठ्या, समजूतदार मुलासाठी, चुंबक कापडात पूर्ण शिवून बंद केलेलं असेल तर विचार करा.

टाय: चेनवाला किंवा इलास्टिकवाला घ्या आणि पुढे चला. खेळताना कुणी ओढला तर सुटणारा क्लिपचा असेल तर जास्त चांगलं. चार.

इलास्टिक लेस: यात दोन प्रकार येतात. एक गोल दोरीसारखी, वर प्लास्टिकचं लॉक असतं ते दाबून घट्ट-सैल करायचं. दुसरी सिलिकॉनची, प्रत्येक भोकांच्या जोडीला वेगळी पट्टी. सिलिकॉनवाली बसवताना माझेच हात भरून आले आणि पट्ट्या बसवतानाच तुटायला लागतात, दोन मार्क. लॉकवाली चांगली, एकदा मुलाच्या पायात बूट घालून, उभं करून ताण ठरवायचा, उरलेली दोरी कापून टोकाला क्लिप लावायची आणि त्यानंतर त्या लॉकला हात लावायचा नाही. बूट स्लिप-ऑन झाला. टोकाची क्लिप अधूनमधून निघते, घरी जास्तीच्या ठेवा. काळ्या बुटाला काळी लेस, कुणाला पत्ता लागत नाही. फक्त टाच आत जायला बुटाच्या मागे ओढायला पट्टी हवी, नसेल तर चांभाराकडून लावून घ्या, नाहीतर मुलं टाचेचा भाग चिरडून चपलेसारखा वापरतात. चार.

वेल्क्रोचे काळे बूट मिळतात तेही छान, पण मोठ्या साइजमध्ये पर्याय कमी होत जातात. मोठ्या कंपन्याही याकडे वळल्यात, नायकीने २०१५ मध्ये फ्लायईझ काढले ते सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर परिणाम होतो तो आजार) असलेल्या एका मुलाने लिहिलेल्या पत्रानंतर, कारण त्याला स्वतःच्या बुटाच्या लेस बांधता येत नव्हत्या.

मोजे: टाच नसलेले, नळीसारखे, वरचं तोंड रुंद. टाच पुढे आली की मागे हा वादच संपतो. बोटांवरची शिवण जाड नको. पाय ओला असेल तर जगातला कुठलाच मोजा चढत नाही, अंघोळीनंतर पाय नीट कोरडे करा, हा काही प्रॉडक्ट नाही पण बराच फरक पडतो. चार.

बटणांची लाकडी फ्रेम: मॉन्टेसरीवाली, कापडावर बटणं, चेन, बक्कल वगैरे. प्रॅक्टिससाठी ठीक आहे पण टेबलावर समोर ठेवून शिकलेलं अंगावर चालत नाही, कारण अंगावर बटण वरून खाली बघावं लागतं आणि बाजू उलट येतात. मांडीवर, अंगात घातल्यासारख्या दिशेने ठेवून द्या. त्यापेक्षा बाबांचा मोठ्या बटणांचा जुना शर्ट किंवा जॅकेट मुलाच्या अंगावर चढवून प्रॅक्टिस केलेली बरी. आधी सोडायला शिकवा, सोडणं लावण्यापेक्षा सोपं असतं. आणि लावताना शेवटून सुरू करा, म्हणजे आपण बटण काजातून तीन-चतुर्थांश बाहेर काढायचं आणि शेवटचा ओढा मुलाने मारायचा, ते जमलं की अर्ध्यावर आणून द्यायचं, असं मागे मागे जायचं. दर वेळी काम मुलाच्याच हातून पूर्ण होतं त्यामुळे चिडचिड कमी होते. फ्रेमला अडीच.

बुटका स्टूल: ज्यावर बसलं की दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात असा. पाठ भिंतीला. एका पायावर उभं राहून पँट घालताना अर्धं लक्ष तोल सांभाळण्यात जातं, बसल्यावर तेच लक्ष हातांकडे येतं. थेरपिस्ट मॅडमनी ही गोष्ट सगळ्यात आधी सांगितली होती. पाच.

शाळेशी बोलताना "सूट द्या" म्हणू नका, बदललेला शर्ट-पँट प्रत्यक्ष घेऊन जा आणि दाखवा, दिसायला सारखंच आहे म्हटल्यावर सहसा कुणी हरकत घेत नाही. सोबत थेरपिस्टची दोन ओळींची चिठ्ठी असली तर उत्तम. पीटीच्या दिवशीचा ट्रॅकसूट रोज घालू द्याल का हेही विचारून बघा, कुठे कुठे चालतं. आणि सगळे बदल दोन्ही सेटवर करून घ्या. एकाला वेल्क्रो आणि दुसऱ्याला बटणं असं ठेवलं तर ज्या दिवशी वेल्क्रोवाला धुवायला असतो नेमक्या त्याच दिवशी उशीर झालेला असतो.