कॉमन ॲनोड, कॉमन कॅथोड की डिफरन्शियल? स्टेपर ड्राइव्हची वायरिंग ठरवताना

सीएनसी मशीनची स्टेपर मोटर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी मोटर, चालवणाऱ्या डीएम५४२ सारख्या ड्राइव्हवर सिग्नलचे सहा स्क्रू असतात: पल्स (एक पल्स म्हणजे एक पाऊल), डायरेक्शन (दिशा), एनेबल (मोटर धरायची की सोडायची), आणि प्रत्येकाचं प्लस-मायनस. हे सिग्नल पाठवणाऱ्या साध्या कंट्रोलरकडे मात्र एका सिग्नलला एकच पिन. उरलेली तीन टोकं कुठे न्यायची, एवढाच प्रश्न. पण माणसाचा रविवार जातो तो यातच.

तिन्ही प्लस एकत्र करून ५ व्होल्टला जोडले की कॉमन ॲनोड. पिन खाली, म्हणजे ० व्होल्टला, गेली की ड्राइव्हमधल्या ऑप्टोचा (प्रकाशाने सिग्नल पलीकडे पोचवणारा भाग) एलईडी पेटतो. तिन्ही मायनस ग्राउंडला जोडले की कॉमन कॅथोड. इथे पिन वर गेली की एलईडी पेटतो. कंट्रोलरचं आउटपुट ओपन कलेक्टर असेल तर निवड करायची गरजच नाही, कॉमन ॲनोडच हवा. ती पिन फक्त खाली ओढू शकते.

आर्डुइनो ऊनो बोर्डवर जीआरबीएल हे सीएनसी चालवणारं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर दोन्ही चालतात, पण मी कॅथोड निवडतो. कारण सांगतो. माझ्या पहिल्या सीएनसी राउटरला (कोरीवकामाचं मशीन) मी ॲनोड जोडणी केली होती. मशीन उभं असताना मोटर हाताने हलत नव्हती, आणि हुकूम दिला रे दिला की सैल. मी कपलिंगचे स्क्रू आवळत बसलो! भानगड एनेबलची होती. जीआरबीएल चालताना एनेबल पिन खाली नेतो, आणि या ड्राइव्हमध्ये एनेबलचा एलईडी पेटला की मोटर सुटते. एनेबलच्या दोन्ही वायरी काढून टाकल्या आणि मशीन चालू झालं. त्या रिकाम्या ठेवल्या तरी ड्राइव्ह चालूच राहतो. कॅथोड जोडणीत हा घोळ मुळात होत नाही.

३.३ व्होल्टवर चालणारा ईएसपी३२ बोर्ड असेल तर हिशेब वेगळा. ड्राइव्हला प्रत्येक सिग्नलवर ७ ते १६ मिलिॲम्पिअर लागतात. आतला रेझिस्टर २७० ओहमचा आणि एलईडीवर दीड व्होल्ट पडतो असं धरलं, तर ५ व्होल्टवर साधारण १३ मिलिॲम्पिअर मिळतात, ३.३ व्होल्टवर जेमतेम ६.७. टेबलावर चालेल, पण उन्हाळ्यात पावलं गाळेल. ५ व्होल्टवर चालणारी ७४एचसीटी२४५ ही बफर चिप मध्ये घाला, ३.३ चा सिग्नल तिला समजतो. २४ व्होल्टच्या पीएलसीला (कारखान्यातला कंट्रोलर) प्रत्येक सिग्नलवर २ किलोओहमचा रेझिस्टर हवा. काही ड्राइव्ह थेट २४ घेतात, तेव्हा लेबल वाचा.

डिफरन्शियलमध्ये कंट्रोलर प्लस आणि मायनस दोन्ही चालवतो, म्हणजे प्रत्येक सिग्नलला पिळलेली जोडी लागते. वायर दुप्पट, कनेक्टर दुप्पट. टेबलाएवढ्या मशीनला हा खर्च मला फुकट वाटतो. पण पॅनेल मशीनपासून चार-पाच मीटर दूर असेल आणि स्पिंडलच्या व्हीएफडीची (वेग बदलणारा ड्राइव्ह, नॉइज फार) केबल त्याच ट्रेमधून जात असेल, तर दुसरा विचार करू नका. केबलची शील्ड एकाच टोकाला अर्थिंगला जोडा.

आता सर्वांत फसवा दोष. मशीन छान चालतं, पण काम हळूहळू एकाच बाजूला सरकत जातं. ड्राइव्ह पल्सची एकच कड (चढती किंवा उतरती) मोजतो, आणि डीएम५४२ ला त्याआधी ५ मायक्रोसेकंद दिशा ठरलेली हवी असते. मोजायची कड दिशाबदलाच्या फार जवळ आली की एक पाऊल उलटं पडतं. असं एकाच बाजूला वळताना झालं तर दर पुढे-मागे फेरीला दोन पावलांचा फरक पडतो. १६०० पल्सला मोटरचा एक फेरा आणि फेऱ्याला ५ मिमी सरकवणारा स्क्रू असेल तर तो ०.००६२५ मिमी, पुढे-मागे २०० फेऱ्यांत सव्वा मिलिमीटर. ॲनोडवरून कॅथोडवर जाताना ही कड उलटते, म्हणून जोडणी बदलली की मॅक३ या सीएनसी सॉफ्टवेअरमधली स्टेप लो ॲक्टिव्हची खूण किंवा जीआरबीएलचं दोन नंबरचं सेटिंग पालटून पाहा. पुढे-मागे दोनशे वेळा पळवा आणि डायल गेज लावा.

दोष शोधताना सगळे अक्ष एकदम मेले तर सामाईक वायर पाहा, बहुधा तीच ढिली असते. एकच मेला तर पॉवर बंद करून एक्स आणि वायच्या सिग्नल वायरी ड्राइव्हकडे अदलाबदल करा: दोष दुसऱ्या अक्षावर गेला तर कंट्रोलर किंवा केबल, जागेवरच राहिला तर ड्राइव्ह किंवा मोटर. फक्त स्पिंडल चालू असताना पावलं गळत असतील तर नॉइज. आणि ड्राइव्ह चालू असताना मोटरची वायर कधीही उपसू नका, ड्राइव्ह जळतो.