आजोबांचा माऊथपीस रिपेअरला दिला, परत आला तो दुसराच

ज्यांच्या घरी जुनी क्लॅरिओनेट, सॅक्सोफोन असं काही आहे आणि ते दुरुस्त करून घ्यायचं मनात आहे त्यांनी हे पूर्ण वाचा. लांब आहे पण वाचा, मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर आमच्या आजोबांची वस्तू आज घरात असती.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात तीन पिढ्या झाल्या. आजोबा संस्थानच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे, १९४९ ला संस्थान विलीन झालं मग लग्नाच्या वराती, गणपती, आणि म्हातारपणी नुसतं संध्याकाळी गॅलरीत बसून यमन. वाद्य काही फार भारी नव्हतं पण माऊथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, फ्रान्सचा होता, एबोनाईटचा (कडक रबराचा). मूळचा काळा, पण उजेडाने हिरवट तपकिरी पडलेला, अक्षरं पुसट झालेली, आणि वर उतारावर जिथे वरचे दात टेकतात तिथे दोन खड्डे. आजोबांच्या दातांचे. उजवा जास्त खोल. लहानपणी मी त्यात नख घालून बसायचे.

मागच्या गणपतीत भाच्याने (नववीत आहे, शिकतोय) तो पुसायला घेतला आणि हातातून सुटून लादीवर पडला. टोकाचा नखाच्या कोरीएवढा तुकडा उडाला, बाकी सगळं शाबूत. पोरगं दोन दिवस जेवलं नाही धड. आम्हाला वाटलं एवढंसं तर आहे. पण वाजवून बघितलं तर नुसती हवा आणि मधेच किंचाळल्यासारखा आवाज. कारण रीड (माऊथपीसला बांधलेली वेताची पातळ पट्टी) आणि माऊथपीसचं टोक यात फट असते ती साधारण एक मिलिमीटरची, आणि टोकाची कड त्याहून बारीक, रीड कंप पावताना त्या कडेवर येऊन बंद होते. ती कडच तुटली तर काय बंद होणार.

मग मोबाईलवर शोधलं. दुसऱ्या शहरातला एक माणूस सापडला, जुने माऊथपीस दुरुस्त करतो म्हणून व्हिडिओ टाकलेले, आधी आणि नंतरचे फोटो, गुजरातीत गोड बोलणं. मी म्हटलं तुटलेला तुकडा डबीत जपून ठेवलाय, बरोबर पाठवू का, तर म्हणाला, "ना बेन, ए तो फेंकी दो." इथेच मी थांबायला हवं होतं. नंतर मला रावपुऱ्यातल्या एका जुन्या बँडमास्तरकाकांनी सांगितलं की खरा कारागीर आधी तुकडा बघायला मागतो, मटेरियल काय आहे ते कळतं आणि कधीकधी तोच परत बसवता येतो. पण मला तेव्हा काय माहीत, मी कुरिअर करून मोकळी झाले. तुकडा मात्र फेकला नाही, देवघरातल्या डबीत राहिला.

आधी १,५०० ॲडव्हान्स. मग आठ दिवसांनी फोन की आतून पण तडा आहे, फ्रान्सवरून स्पेशल मटेरियल मागवावं लागेल, २,२०० पाठवा. पाठवले. मग फिनिशिंगचे १,८००. एकूण ५,५०० आणि कुरिअर वेगळं. मधे त्याने काचेवर माऊथपीस घासतानाचा एक फोटो पाठवला आणि आम्ही सगळे खूश. आता तो फोटो बघितला की राग येतो, त्यातल्या माऊथपीसच्या खिडकीचा (रीडखालच्या उघड्या भागाचा) आकारच वेगळा आहे, आमच्याची आतली बाजू खाली निमुळती होती, फोटोतली सरळ. कोणी बघितलंच नाही नीट.

पार्सल आलं दीड महिन्याने. काळाभोर, चकचकीत. बाबा ७४ वर्षांचे आहेत, त्यांनी हातात घेतला, तोंडाला लावला आणि काढून म्हणाले, "हा अण्णांचा नाही." अण्णा म्हणजे आजोबा. मी उलट त्यांनाच समजावलं की पॉलिश केलंय बाबा. आणि तसं होतंही, एबोनाईट घासलं की वरचा हिरवट थर जाऊन खाली काळं निघतं, म्हणूनच हे थाप मारायला सोपं जातं. पण दातांचे खड्डे? फोन केला तर म्हणाला भरून काढले, "बेन, नवा जेवुं करी आप्युं ने, हवे शुं?" (नव्यासारखं करून दिलं ना, आता काय?)

बाबा रात्री झोपले नाहीत. सकाळी मी माऊथपीस आणि ती डबी दोन्ही घेऊन बँडमास्तरकाकांकडे गेले. त्यांनी काय केलं ते नीट सांगते कारण हे कोणालाही घरी करता येतं. एबोनाईट म्हणजे रबरात खूप गंधक घालून शिजवलेलं कडक रबर, टायरमध्ये गंधक दोनतीन टक्के असेल तर यात पंचवीस तीसच्या घरात. त्यामुळे अंगठ्याने जोरात घासून गरम केलं की फटाक्याच्या दारूसारखा वास येतो. डबीतला एवढासा तुकडा घासला, वास आला, मला लांबून आला. माऊथपीस घासला, काहीच नाही. मग बुचाची पट्टी असते तिच्याखाली, म्हणजे दिसणार नाही अशा जागी, तापवलेली सुई टेकवली. एबोनाईट वितळत नाही, करपतं आणि जळक्या रबराचा वास येतो. इथे सुई लोण्यात गेल्यासारखी गेली. प्लास्टिक. बाजूला साच्याचा जोड पण दिसला, बारीक रेघ, वरून घासून लपवलेली. (स्वतःच्या चांगल्या माऊथपीसवर सुई लावू नका, घासून बघणं पुरतं. आणि गरम पाण्याने धुऊ नका, रंग जातो आणि वाकतो.)

म्हणजे दुरुस्ती झालीच नव्हती. आमचा ठेवून घेतला आणि बाजारातला स्वस्तातला घासून पाठवला. जुन्या फ्रेंच माऊथपीसला गिऱ्हाईक असतं, टोक तुटलेलं असलं तरी, कारण चांगला माणूस टोक अगदी थोडं मागे घेऊन सगळा उतार परत कापू शकतो, किंवा सुपरग्लू आणि एबोनाईटचा भुसा घालून कड उभी करतो आणि मग काचेवर ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजत मोजत घासतो. काका म्हणाले मोजमाप हेच काम आहे, घासता कोणालाही येतं. आमच्या माणसाने एकदाही आकडा सांगितला नाही, किती फट होती, किती ठेवली, काही नाही. आणि मी विचारलंच नाही.

मी त्याला परत फोन केला, भांडले, रडले पण. आधी म्हणाला तुमचाच आहे, मग म्हणाला पुरावा काय, मग नंबर ब्लॉक. आणि खरंच पुरावा काय होता माझ्याकडे? देताना वजन केलं नव्हतं, मांडवीत कुठल्याही सोनाराने काट्यावर दोन मिनिटांत करून दिलं असतं. सगळ्या बाजूंनी फोटो नव्हते. कुरिअरच्या पावतीवर मी स्वतः "प्लास्टिक पार्ट" लिहिलं होतं, लवकर जावं म्हणून. भाच्याच्या फोनमध्ये एक जुना फोटो निघाला त्यात दातांचे खड्डे दिसतात, तो, तुकडा आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट एवढ्यावर तक्रार केलीय. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन १९३० वर लगेच फोन करा, मी तीन आठवडे त्याच्याशी वाद घालण्यात घालवले, तसं करू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण नोंदवलं.

पैशाचं मला एवढं नाही. बाबा आता क्लॅरिओनेटची पेटी उघडत नाहीत, भाचा नव्या माऊथपीसवर वाजवतो ते दार लावून, आजोबांना ऐकू जाईल असं त्याला वाटतं बहुतेक.

एक विनंती आहे. तो माऊथपीस विकायला कुठेतरी येणारच. हिरवट तपकिरी, वरच्या उतारावर दोन खड्डे, उजवा खोल, टोकाला डावीकडे तुटलेला किंवा तिथे नवीन भरलेलं असेल. कोणाला दिसला तर घेऊन ठेवा, तुम्ही जे द्याल ते मी देईन. तुकडा माझ्याकडे आहे, लावून बघता येईल.