परिषदेच्या नावाखाली माझे १८,८०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आमच्या सीएचबीवाल्यांच्या, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या ग्रुपवर परवा तेच पत्रक पुन्हा फिरलं. ‘तंत्रज्ञान आणि शिक्षणाचं निर्वसाहतीकरण’, म्हणजे त्यांवरचा वसाहतकाळाचा पगडा दूर करणं, या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद. फक्त तारीख बदललेली. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय.

मी हावरटपणानं फसले नाही, हे आधी सांगते. माझी पीएचडीची नोंदणी २०२१ ची. मला यूजीसीचे २०१६ चे नियम लागू, म्हणजे प्रबंध देण्याआधी दोन परिषदांत पेपर वाचलेला पाहिजे. २०२२ च्या नियमांत ही अट गेली, पण ती नंतर आलेल्यांसाठी. माझा एक पेपर राहिला होता आणि विषय तर अगदी माझा. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं. तिथं विज्ञान, वैद्यक, इंजिनिअरिंग सगळं उर्दूतून शिकवायचे, पुस्तकं उर्दूत आणायला दारुल तर्जुमा हा वेगळा विभागच होता. इंग्रजीची मक्तेदारी मोडली, पण आपल्याकडून तिकडं शिकायला गेलेल्या मराठी पोराला तीही भाषा परकीच. दोन वर्षं मी यावर राबतेय. असं पत्रक हातात आल्यावर कोण थांबलं असतं?

थांबायला पाहिजे होतं. रात्री सव्वाअकराला गोषवारा पाठवला, बाराच्या आत ‘स्वीकारला’ म्हणून मेल. एवढ्या वेळात वाचला कुणी? खरी परिषद आठवडे लावते. पत्रकावर ज्या प्राध्यापकांचे फोटो असतात, त्यांना थेट त्यांच्या विद्यापीठाच्या मेलवर विचारा.

नोंदणीचे ४,५०० भरायला क्यूआर कोड स्कॅन केला, तर स्क्रीनवर नाव आलं कुठल्याशा ट्रेडर्सचं. मी ते वाचलं. दोनदा वाचलं. अंगठा पिनच्या आकड्यांवर तसाच थांबलेला. पत्रकावरच्या नंबरला फोन लावला, तर आयोजक म्हणवणारा माणूस म्हणाला, “मॅडम, ते आमचं अकाउंट सांभाळतात. आज रात्री सवलत संपतेय.” आणि मी पिन दाबला. ते नाव अजून डोळ्यांपुढून हलत नाही. संस्थेच्या नावाचं खातं नसेल तर एक रुपया भरू नका, घाई करणाऱ्याला तर मुळीच नाही.

मग प्रकाशनाचे ८,०००. मग राहण्याची अनामत ६,३००, ‘परत मिळेल’ म्हणून. मानधन किती महिने लटकतं ते तुम्हाला माहीत आहे. बाबांनी मोंढ्यावर सोयाबीन घातलं होतं, त्या पैशातून दिले. त्यानंतर फोन बंद.

पुढचं तर जास्त संतापजनक आहे. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तासभर फोन लागेना, लागला तेव्हा तक्रार नंबर मिळाला, बस. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकला, आमचा संबंध नाही. ठाण्यात हवालदारानं विचारलं, “परिषद म्हणजे काय, ट्रिप का?” आणि अर्जात ‘ऑनलाइन खरेदी’ लिहिलं. मी खोडायला लावलं. मग म्हणे खातं परराज्यातलं, हद्द आमची नाही, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेले, तर तिथले म्हणाले, आधी तुमच्या ठाण्याचं पत्र आणा. तीन चकरा, तीन रजा, बसभाडं वेगळं. हद्दीचं कारण कायद्यात चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली फिर्याद, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. त्या कलमाची छापील प्रत सोबत न्या, तोंडी कुणी ऐकत नाही. आणि १९३० ला लगेच, पैसे पुढं सरकायच्या आत लावा. मी शरमेनं दोन दिवस घालवले, तेवढ्यात खातं रिकामं झालं.

विद्यापीठात विचारलं, तर “आमची परिषद नाही” एवढंच. तुमची नाही हे मलाही कळलं हो, निदान एक सूचना तरी काढा!

पैशाचं सोडा. माझा चौदा पानी पूर्ण पेपर, दीडशे उर्दू पारिभाषिक शब्दांची यादी धरून, त्यांच्याकडं आहे. गाईड सरांना तारखेसह मूळ फाइल मेल करून ठेवलीय. पूर्ण पेपर कधीच आधी देऊ नका. माझी यादी कुठं दुसऱ्या कुणाच्या नावानं दिसली, तर मला कळवा.