बाजारपेठेतले महिला स्वच्छतागृह : व्यवस्था उत्तम, शुल्क आणि वेळ मात्र गैरसोयीची

साताऱ्याच्या बाजारपेठेतले हे सशुल्क स्वच्छतागृह मी बऱ्याच दिवसांपासून वापरते आहे. बाईला घराबाहेर किती वेळ थांबता येईल, हे अशाच जागांवर ठरत असल्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते.

आतल्या कड्या नीट बसतात, नळाला पाणी असते, पर्स अडकवायला दारामागे खुंटी आहे आणि पॅड टाकण्यासाठी ठेवलेला झाकणाचा डबा वेळच्या वेळी रिकामा होतो. दाराशी बसणाऱ्या मावशी खेड्यांतून खरेदीला किंवा कोर्टाच्या तारखेला आलेल्या बायकांचे सामान आपल्या टेबलाखाली ठेवून घेतात. "पिशवी ठिव हितं, सावकाश जाऊन ये," हे त्यांचे बोलणे ठरलेले. त्यांच्या मागच्या भिंतीवर १८१ या महिला मदत क्रमांकाचा कागद चिकटवलेला आहे. तोच कागद चौकात लावला असता, तर चार लोकांच्या देखत थांबून तो वाचण्याचे धाडस फार थोड्या जणींनी केले असते. इथे रांगेत उभी असलेली बाई तो निवांत वाचते, क्वचित नंबर उतरूनही घेते.

माझी पहिली तक्रार शुल्काची आहे. बायकांना दर वेळी पाच रुपये मोजावे लागतात आणि त्याच इमारतीच्या कडेची पुरुषांची मुतारी मात्र मोफत आहे. नेमका हाच भेद २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'राइट टू पी' मोहिमेने ऐरणीवर आणला आणि महिलांसाठी मोफत, स्वच्छ व सुरक्षित मुताऱ्यांची मागणी लावून धरली. काहींना हा प्रश्न किरकोळ वाटतो. मला तो स्त्री चळवळीच्या मुळाशी असलेला प्रश्न वाटतो. सत्तरच्या दशकात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध निघालेले लाटणे मोर्चे असोत किंवा १९८० मध्ये मथुरा बलात्कार खटल्यात (मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या खटल्यात) पोलिसांना निर्दोष सोडणाऱ्या निकालाविरुद्ध उसळलेली निदर्शने असोत, बायकांनी रस्ता आणि मैदान आपलेसे केले तेव्हाच सरकारला त्यांची दखल घ्यावी लागली. शेजारच्या सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकरांनी परित्यक्तांचा प्रश्न घराच्या चार भिंतींतून बाहेर काढला, तोही बायकांना एकत्र आणूनच. अशा मोर्च्यांतली भाषणे आणि ठराव आपल्या लक्षात राहतात, पण सकाळी घर सोडलेल्या त्या बायकांनी दिवसभर लघवी कशी रोखून धरली असेल, पाणी पिणेही कसे टाळले असेल, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही.

दुसरी तक्रार वेळेची. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले आणि एकट्याने शहरात येणे पुष्कळ जणींच्या आवाक्यात आले. इथे मात्र रात्री आठलाच कुलूप लागते. सभा, शिकवणी किंवा दुकानातली पाळी संपवून परतणाऱ्या बाईला त्यानंतर जवळपास दुसरी सोय नाही.

पाच रुपये देऊनही मी दिवसा इथेच जाण्याचा सल्ला देईन. चालकांनी निदान मुतारीचे शुल्क बंद करावे, शेवटच्या एसटीपर्यंत दार उघडे ठेवावे आणि त्या वाढीव वेळेसाठी मावशींच्या जोडीला दुसरी बाई पगारावर नेमावी.