लेझर नेटवर्क प्रिंटर: वर्षभराच्या वापरानंतर, आणि बोर्डाच्या कोटेशननंतर

निपाणीतल्या आमच्या कर सल्ल्याच्या ऑफिसात हा प्रिंटर येऊन वर्ष होत आलं. स्पीड, टोनर, ड्युप्लेक्स सगळ्यांना माहीत आहे, त्यावर लिहीत नाही. छपाई स्वच्छ आहे. कन्नड उताऱ्याची झेरॉक्स असो की मराठी करारपत्र, बारीक अक्षरसुद्धा भरून येत नाही.

माझं भांडण एकाच गोष्टीशी. लाईट गेली की संपलं. लाईट परत येते, प्रिंटरचा दिवा हिरवा होतो आणि कॉम्प्युटर म्हणतो 'ऑफलाईन'. रिटर्नची तारीख तोंडावर, पक्षकार समोर बसलेला आणि पानं स्पूलरमध्ये, म्हणजे विंडोजच्या छपाईच्या रांगेत, अडकलेली. अशा वेळी डोकं फिरतं.

शेवटी सर्व्हिसवाल्याला बेळगावहून बोलावलं. त्याने कॉम्प्युटरवरून 192.168.1.7 या प्रिंटरच्या म्हणून नोंदलेल्या आयपी पत्त्याला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक दिली, उत्तर आलं. "पिंग बरतदरी, नेटवर्क ओके. बोर्ड होग्यादरी सर." म्हणजे पिंग येतंय, नेटवर्क ठीक आहे, प्रिंटरच्या आतला बोर्ड गेलाय. बोर्डाचं कोटेशन नव्या प्रिंटरच्या निम्म्याच्या वर! मी नाही म्हटलं, तरी व्हिजिट चार्ज घेऊनच गेला.

तो गेल्यावर मी प्रिंटरची पिन काढली आणि त्याच पत्त्याला पुन्हा पिंग केलं. प्रिंटर बंद, तरी उत्तर चालूच. एआरपीची यादी, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या मशीनकडे आहे ती, काढली तर त्या पत्त्यासमोरचा मॅक क्रमांक (मशीनचा स्वतःचा नेटवर्क क्रमांक) प्रिंटरच्या स्टिकरवरच्या क्रमांकाशी जुळेना. जुळला तो सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डीव्हीआरशी. म्हणजे आमची रिटर्नं डीव्हीआरकडे निघाली होती, आणि बोर्ड ठणठणीत होता.

इथे माझं मत बदललं. तोवर मी प्रिंटरलाच शिव्या देत होतो. खरं कारण असं: राऊटर डीएचसीपी नावाच्या सोयीने मशीनना आपोआप पत्ते वाटतो, आणि साधे राऊटर लाईट गेली की आधी कुणाला काय दिलं होतं ते विसरतात. आधी जागा होईल त्याला तो पत्ता. विंडोज मात्र पोर्टमध्ये, म्हणजे पानं कुठे पाठवायची त्या नोंदीत, लिहिलेल्या जुन्याच पत्त्यावर पानं पाठवत राहतं.

उपाय फुकटचा आहे. प्रिंटरच्या मेनूतून कॉन्फिगरेशन पान छापा, त्यावर मॅक क्रमांक आणि चालू आयपी दोन्ही असतात. राऊटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये तो मॅक घालून एक पत्ता कायमचा बांधून टाका. मग विंडोजमध्ये 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' नव्याने करून तोच पत्ता द्या. इन्स्टॉल करताना आपोआप तयार झालेला डब्ल्यूएसडी पोर्ट ठेवू नका. एवढं करूनही 'ऑफलाईन' दिसलं तर पोर्टच्या सेटिंगमधली 'एसएनएमपी स्टेटस'ची टिक काढा. त्या टिकमुळे विंडोज प्रिंटरला त्याची स्थिती विचारत राहतं, आणि प्रिंटरने त्या चौकशीला उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला बंद समजतं. अडकलेली पानं जात नसतील तर स्पूलर सर्व्हिस थांबवायची, सिस्टिम32 मधल्या स्पूल फोल्डरातलं 'प्रिंटर्स' रिकामं करायचं आणि सर्व्हिस परत चालू करायची.

दुसऱ्या टेबलावर आधी पहिल्या कॉम्प्युटरवरून शेअर केलेला प्रिंटर होता. सप्टेंबर 2021 च्या विंडोज अपडेटनंतर अशा शेअरिंगमध्ये 11बी (0x0000011b) वाला, प्रिंटर जोडूच न देणारा एरर येऊ लागला. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदीत, बदल करून तो जातो, पण त्याने सुरक्षा ढिली होते, आणि आमच्याकडे लोकांचे पॅन, आधार, बँकेचे तपशील असतात. आता तिथेही थेट आयपीने जोडलाय. पहिला कॉम्प्युटर बंद असला तरी छपाई होते.

त्यानंतर कितीदा तरी लाईट गेली, प्रिंटर एकदाही हरवला नाही. मशीनला पाचपैकी चार. एक तारा कापलाय तो सोबतच्या पुस्तिकेसाठी. त्यात वायफायची चित्रं पानभर आहेत, पण पत्ता बांधून घ्या असं एका ओळीतही नाही, आणि जिथे लाईट रोज जाते तिथे सगळ्यात आधी तेच लागतं. सर्व्हिसला शून्य. व्हिजिट चार्ज लेखी परत मागितलाय. मिळाला तर इथेच लिहीन.