मेडलर फील्ड, स्टेट कॉलेज: होम प्लेटमागेच बसा

शुक्रवारी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज या गावी, तिथल्या स्पाइक्स या बेसबॉल संघाचा सामना पाहिला. तिकीट काढाल तर होम प्लेटमागच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेमागच्या, खालच्या रांगेतलंच काढा. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये 'थप्प' करून बसतो, तो आवाज थेट छातीत जातो. मी नाशिकला क्लबकडून डावखुरी मध्यमगती टाकायचो, त्यामुळे माझी नजर पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) मनगटावरून हलतच नव्हती. समोर माउंट निटनीचा हिरवागार डोंगर, त्यावर उतरतं ऊन.

याच मैदानावर 2010 मध्ये आपला रिंकू सिंग खेळला, क्रिकेटवाला नव्हे. उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू. 2008 च्या 'मिलियन डॉलर आर्म' या चेंडूफेकीच्या स्पर्धेत ताशी 87 मैलांचा चेंडू फेकून जिंकला आणि पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने त्याला करारबद्ध केलं. त्याआधी बेसबॉलशी काही संबंध नव्हता हो! पुढे दुखापतींनी घात केला, मेजर लीग, म्हणजे बेसबॉलची सर्वोच्च पातळी, राहून गेली. पण इथल्या माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर, उभं राहणं हेच मला केवढं तरी वाटतं.

आता इथे ड्राफ्टची, म्हणजे मेजर लीग संघांच्या खेळाडू निवडीची, वाट पाहणारी कॉलेजची पोरं खेळतात. एका पिचरने लागोपाठ तिघांना वॉक दिला (चुकीचे चेंडू टाकून फुकटचा बेस), बाहेर आला आणि टोपी डोळ्यांवर ओढून डगआउटच्या (खेळाडूंच्या बाकाच्या) टोकाला एकटाच बसला. शेजारच्या आजी उठून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत राहिल्या. मीही उठलो.

स्वेटर न्या, रात्री गार वारा सुटतो.